थूल सिस्टरचा अर्धा घंटा

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलाला औषध हवं असेल, तर आधी एकाच प्रश्नाचं उत्तर तीनदा द्यावं लागे. विचारणाऱ्या विमल थूल सिस्टर.

"लेकराले याच्या आधी कोन्या औषधानं त्रास झालता का?"

आई म्हणे, नाही. केसपेपरवर त्यासाठी एक चौकट होती. तिच्यात 'नाही' लिहिलं की सरकारचं समाधान होई. सिस्टरांचं होत नसे. त्या पेन खाली ठेवून पुन्हा विचारत, "गोळी खाल्ल्यावर कधी अंगावर काई उठलतं? तोंड सुजलतं?" पुन्हा नाही. मग आईला सोडून त्या मागं उभ्या असलेल्या आजीकडे वळत. "आजी, तुमाले काय आठवते?"

आणि आजीला हटकून काहीतरी आठवे. एकदा एक आजी सहज बोलून गेली, "मांगच्या पोळ्याले थे गुलाबी दवा पाजली, त पोट्ट्याचे ओठ असे फुगले होते. म्या हळद लावली, मंग उतरले."

आई थक्क झाली. "मले काऊन नाई सांगितलं?"

"तू माहेरी गेलती ना वं!"

सिस्टर माझ्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "झाडे भाऊ, ऐकलं ना? गुलाबी दवा बंद." मी हातात काढून ठेवलेली तीच बाटली मुकाट्यानं परत फळीवर ठेवली.

मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसत असे, अजूनही बसतो. सरकारी कागदावर मी औषधनिर्माण अधिकारी आहे. तालुक्यातल्या समस्त जनतेसाठी कंपाउंडर. मूळचा देवळीचा, हिंगणघाटला काही वर्षं काढून इथं बदलीवर आलो. खिडकीवर रांग पटपट सरकली पाहिजे, ही माझी एकमेव महत्त्वाकांक्षा होती, आणि थूल सिस्टर तिच्या आड येत. खरं सांगतो, पहिलं वर्षभर मला त्या बाईंचा राग यायचा.

दिसायला त्या अगदीच लहानखुऱ्या. सलाईनची बाटली अडकवायला स्टुलावर चढावं लागे, आणि ते स्टूल त्या स्वतःच उचलून वॉर्डभर फिरवत. चष्म्याची एक काडी मोडलेली. तिथं बँडेजचा पांढरा दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारलेली. नवा चष्मा घ्या म्हटलं की म्हणत, "दिसते ना मले? मंग?" चहा कोरा, बिनसाखरेचा, आणि तोही गार झाल्यावर. कारण गरम असताना प्यायला त्यांना कधी वेळच मिळाला नाही.

इंजेक्शन दिलेलं मूल घरी लगेच जायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. वॉर्डाबाहेर एक लाकडी बाक होता. "अर्धा घंटा बसा इथं. एखाद्या लेकराले औषध मानवत नाई. मानवलं नाई त इथंच समजलं पाहिजे, रस्त्यात नाई." आता लहान मूल अर्धा तास एका जागी बसणार कसं? त्यावर सिस्टरांची युक्ती होती. त्या मनगटावरचं घड्याळ काढून मुलाच्या हातात देत. "हा मोठा काटा इथून इथं आला का मले आवाज देजो." सुई टोचून भोकाड पसरलेलं पोर क्षणात गप्प होऊन काट्याकडे डोळे लावून बसे. आमच्या भागातली कितीतरी मुलं घड्याळ बघायला शाळेत नाही, त्या बाकावर शिकली.

त्या अर्ध्या तासापायी लोकांच्या बसगाड्या चुकत, आणि लोक शिव्या घालत. एकदा एका सरपंचाच्या सूनबाई मुलाला घेऊन आल्या होत्या. देवळीची बस दवाखान्यासमोर उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, घड्याळ पोराच्या हातात आणि काटा अजून निम्म्यावर. सूनबाई उठल्या तशा सिस्टर बाहेर गेल्या आणि सरळ बससमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बंद कर गाडी."

"बाई, टाइम झाला ना!"

"माह्या बाकाचा टाइम नाई झाला. तेरा मिनिटं आहेत. चाय पिऊन ये, म्या सांगितली म्हन."

ड्रायव्हर खरंच चहा प्यायला गेला. तेरा मिनिटांनी पोरानं आरोळी ठोकली, बस गेली. पोराला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मी जरा टोचूनच म्हणालो, "सिस्टर, एवढी बस अडवली, झालं तर काहीच नाही." त्या गार चहाचा घोट घेत म्हणाल्या, "काई नाई झालं, हेच त पाह्यजे होतं ना भाऊ?"

त्याच वर्षी एका शाळामास्तरांच्या मुलाला ते 'काही' झालं. प्रतिजैविकाचं इंजेक्शन घेऊन तो बाकावर बसला. आठव्या मिनिटाला घड्याळ त्याच्या हातातून गळून पडलं. अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वास ओढला जाऊ लागला. मी खिडकीतून नुसता बघत राहिलो. सिस्टरांनी लाल झाकणाचा तो ट्रे, जो रोज सकाळी उघडून त्या तारखा तपासत आणि ज्याला मी मनातल्या मनात हसत असे, तो ओढला, डॉक्टरांना हाक मारता मारताच मुलाच्या मांडीत ॲड्रिनॅलिन टोचलं. थोड्या वेळानं पोराचा चेहरा पुन्हा पोराचा झाला. मास्तर भिंतीला धरून रडत होते. त्या दिवसापासून माझा राग गेला, आणि लाल ट्रेच्या तारखा मीही तपासू लागलो.

सिस्टर सगळ्यांवर ओरडत. ड्रायव्हरवर, सफाईवाल्यावर, नव्या डॉक्टरांवर, माझ्यावर तर रोजच. पण आईवर कधी नाही. आईनं मुलाला दुसऱ्याच मुलाची गोळी दिलेली असो, उरलेलं सिरप वर्षभर जपून पुन्हा पाजलेलं असो, सिस्टर शांतपणे ऐकून घेत. एकदा मी एका बाईला झापलं तर मला आत बोलावून म्हणाल्या, "आज तिनं खरं सांगितलं. तुमी बोंबलले. आता पुढच्या बारीले थे खोटं सांगन. मंग मी औषध कशाच्या भरवशावर देऊ?" बोलून निघून गेल्या. मी मात्र तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

मग चिमीची गोष्ट घडली.

चिमी म्हणजे अश्विनी आत्राम, वय वर्षं सहा. जंगलाला लागून असलेल्या गावातलं गोंड कुटुंब. वडील मजुरीवर, आई रंजना, आणि घरात गोंडीत बोलणारी आजी. चिमीला झटके येत. वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली आणि ती माझ्या खिडकीतून दिली जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी रंजनाला बजावलं होतं, "ताप येवो, उलटी होवो, एक दिवसही गोळी चुकवायची नाही. समजलं?" तिनं तीनदा मान हलवली. आपण किती चोख समजावून सांगतो, याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी सिस्टर त्या गावात लसीकरणाला गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात सुया टोचताना गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई म्हणाली, आत्रामांच्या घरी जाऊ नका, पोरीला माता आली आहे. दाराला निंबाचा डहाळा लावला आहे, कोणी आत जात नाही.

"गोवराच्या दोन्ही सुया त म्याच टोचल्या तिले, मंग माता कशी निंगन?" सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या.

हे सगळं मला नंतर आशाताईनं सांगितलं. चिमी चटईवर निंबाच्या पाल्यावर निजलेली. ओठांवर रक्ताच्या खपल्या, अंगावर काळपट लाल चट्टे, काही ठिकाणी कातडी सुटलेली, आणि डोळे चिकटून बंद. आजी आडवी आली. "हात नोको लावू बाई, माता आहे." सिस्टर विहारात जाणाऱ्या, कोणत्याच देवीला हात न जोडणाऱ्या. पण त्या म्हणाल्या, "मातेच्या पाया पडतो मी आजी, मंग. आदी मले लेकराचं तोंड पाहू द्या."

तोंड आतून सोललेलं होतं. सिस्टरांनी आपला प्रश्न काढला. काही औषध दिलं का? रंजना म्हणाली नाही, मातेत दवा देत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारलं, "झटक्याची गोळी?"

"थे त देतोच ना बाई," रंजना म्हणाली. "थे दवा थोडी आहे? थे त रोजचं आहे. आज सकाळी बी देली. तोंडात फोडं आहेत, त पान्यात घोळून देली. भाऊनं सांगितलंतं, चुकवाची नाई म्हनून."

म्हणजे जी गोळी तिचं अंग आतून-बाहेरून सोलत होती, तीच रोज सकाळी, पाण्यात घोळून, जिवापाड जपून दिली जात होती. माझ्या शब्दाखातर.

लसीकरणाच्याच गाडीत सिस्टर चिमीला घेऊन आल्या. आमच्या डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथं बंद केली, वर्ध्याला फोन लावला, ॲम्ब्युलन्स निघाली. मी खिडकीत थिजून उभा होतो. आणि भीती वाटली की माणूस जे करतो तेच मी केलं. सिस्टर समोर येताच म्हणालो, "पण पोरीचं एवढं अंग उठलं, तरी ही बाई गोळी देतच राहिली? जरा तरी अक्कल..."

"झाडे भाऊ!" सिस्टरांचा आवाज चढला. "तुमी सांगितलं, तिनं ऐकलं. गोळी कवा द्याची थे सांगितलं, कवा बंद कराची थे कोन सांगन? तिची सासू?"

मला लाज वाटली. अजून वाटते. त्या दिवसापासून झटक्याच्या गोळीच्या प्रत्येक पाकिटावर मी हातानं लिहितो: अंगावर पुरळ, डोळे लाल, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी मुलाला आणि गोळीला घेऊन दवाखान्यात या.

वर्ध्याला डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, अशी आशा आहे. डोळ्यांचं सांगता येत नाही. पापण्यांच्या आतही कातडीसारखंच सोललं होतं. त्या जखमा एकमेकींना चिकटल्या तर नजर जाईल. तासातासाला थेंब घालायचे, पापण्या उघडत्या ठेवायच्या. नर्स होत्याच, पण सिस्टर म्हणाल्या, घरी गेल्यावर हे महिनोन्महिने करायचं आहे, तर आईनंच शिकलं पाहिजे. आणि रंजनाचा हात थरथरत होता. नातेवाइकांनी तिला ऐकवून ऐकवून अर्धी केली होती. तूच पाजलं, तूच पोरगी आंधळी केली.

सुटीच्या दिवशी सिस्टर वर्ध्याची बस धरत. पहिल्याच रविवारी त्यांनी काय करावं? वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या स्वतः आडव्या झाल्या, चष्मा काढून छातीवर ठेवला आणि रंजनाच्या हातात सलाइनच्या पाण्याची छोटी बाटली दिली. "टाक माह्या डोळ्यात. हात हालन त हालू दे. माहे डोळे म्हातारे आहेत, काई होत नाई." येणारे-जाणारे थांबून बघत होते. रंजनाचा पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात गेला. दुपारपर्यंत सिस्टरांचा पदर भिजला, पण रंजनाचा हात स्थिर झाला. मी त्या दिवशी बरोबर गेलो होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रंजनाशी बोलायची हिंमत मात्र मला झाली नाही. एक नारळपाणी तिच्याजवळ ठेवून परत आलो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चिमीनं डोळे किलकिले केले. समोर सिस्टर वाकलेल्या. पोरगी बराच वेळ बघत राहिली, मग खरखरीत आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या चस्म्याले दोरा कायले बांधला?"

सिस्टर बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि ढसाढसा रडल्या. हे रंजनानं सांगितलं. सिस्टरांनी कधीच कबूल केलं नाही. चष्मा त्यांनी त्यानंतरही बदलला नाही. मीही कधी म्हटलं नाही.

चिमी घरी आली. गळून पडलेली नखं हळूहळू परत उगवली. झटक्यांना दुसऱ्या कुळातली गोळी लागू पडली. डोळ्यांना कोरडेपणा राहिला, थेंब कायमचे लागले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी लाल शाईनं एक कागद लिहून दिला होता: ती गोळी आणि तिच्या कुळातली आणखी दोन, अशी तीन औषधं या मुलीला आयुष्यात पुन्हा द्यायची नाहीत. चार महिन्यांनी सिस्टरांनी तो मागितला, तर रंजनाचा चेहरा उतरला. कौलं गळली, कागदाचा लगदा झाला.

सिस्टरांचं लक्ष तेव्हा चिमीच्या गळ्याकडे गेलं. काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत होता. वर्ध्याला अंगावरची कातडी सोलवटली तेव्हा तो काढला होता, तर आजीनं तो खाटेला बांधून ठेवला होता आणि घरी आल्यावर पहिला परत घातला होता.

ताईत-गंड्यांवर सिस्टरांचा दात होता. "दोऱ्यानं ताप उतरत असता त सरकारनं मले कायले ठेवलं असतं?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेन. पण त्या दिवशी त्यांनी ताईत बोटांत धरून उलटसुलट फिरवला, आतून पोकळ आहे का ते पाहिलं. मग मला हाक मारली.

"झाडे भाऊ, तुमचं अक्षर बारीक आहे ना? तांदळाएवढं लिवा."

मी कागदाच्या पट्टीवर तिन्ही औषधांची नावं लिहिली. हात मुद्दाम सावकाश चालवला. सिस्टरांनी पट्टी घेतली, माझंच पेन घेतलं, पाठ फिरवून खाली आणखी एक ओळ लिहिली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, आजीच्या परवानगीनं ताईतात सरकवली आणि तोंड लाखेनं बंद केलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाल्या, "तुमाले काय करा लागते?"

रंजनाला वाचता येत नव्हतं. तिला त्यांनी बाकावर बसवून ती तिन्ही अवघड नावं तोंडपाठ करवून घेतली, दर महिन्याला, चिमीसह. मायलेकी रांगेत उभ्या राहून पाढे म्हटल्यासारखी नावं म्हणत आणि अख्खी रांग ऐके. दोन वर्षांनी हिंगणघाटला मामाच्या घरी चिमीला झटका आला. तिथले डॉक्टर नेमकं त्यातलंच एक इंजेक्शन भरत होते. रंजना मध्ये उभी राहिली आणि तिन्ही नावं म्हणाली. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि दुसरं औषध मागवलं. ताईत उघडायची वेळच आली नाही. ही हकिगत ऐकून सिस्टरांनी गरम चहा प्यायला, गरम असताना. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि केळझरला मुलीकडे राहायला गेल्या. बाक आहे, प्रश्नही आहे. नव्या सिस्टर तीनदा विचारतात, कारण त्या शिकल्याच तशा.

मागच्या हिवाळ्यात थूल सिस्टर आल्या. गावातलं कुत्रं चावलं होतं. पहिलं इंजेक्शन केळझरच्या जवळ मिळालं असतं. पण म्हणाल्या, सुई टोचून घेईन तर माझ्याच वॉर्डात. टोचून झाल्यावर पाच मिनिटांत त्या पिशवी उचलून निघाल्या. "बस आहे माही."

बाकावर रंजना आणि चिमी बसल्या होत्या, डोळ्यांच्या थेंबांसाठी आलेल्या. चिमी आता बारावीत आहे, सिस्टरांपेक्षा वीतभर उंच. तिनं सिस्टरांचा हात धरला. "बसा बाई. अर्धा घंटा."

"मले काई होत नाई वं."

"द्या घड्याळ."

सिस्टरांनी निमूटपणे घड्याळ काढून तिच्या हातात दिलं आणि बसल्या. मी खिडकी बंद केली आणि बाहेर आलो. रांगेनं कुरकुर केली, करू दे म्हटलं.

"ताईत आहे का?" सिस्टरांनी विचारलं. चिमीनं गळ्यातून काढला. दोरा नवा, तांबं तेच. सिस्टरांनी हेअरपिनेनं लाख टोकरली आणि पट्टी बाहेर ओढली. त्यांना वाचता येईना. मी घेतली; माझंच अक्षर, मलाही चष्म्यातून नुसत्या मुंग्या दिसल्या. चिमीनं पट्टी उजेडात धरली आणि तिन्ही नावं धडाधड म्हटली.

"थे त पाठ आहे तुले," सिस्टर म्हणाल्या. "थे वाचनं नाई. खालची ओळ वाच."

चिमीनं डोळे मिचकावले, एक थेंब पुसला आणि अडखळत वाचू लागली.

"आईनं... जसं सांगितलं तसंच केलं. तिले कोनी बोलू नये."

रंजनानं पट्टीकडे पाहिलं. अकरा वर्षं ती ओळ तिच्या मुलीच्या गळ्यात होती आणि तिला माहीत नव्हतं. तिनं पदर तोंडाशी धरला. मी म्हणालो, "रंजनाताई, सांगणारा मी होतो. अर्धवट सांगितलं मी." हे एवढं वाक्य म्हणायला मला अकरा वर्षं लागली. तिनं मान हलवली, अगदी पहिल्या दिवशी हलवली होती तशी, आणि बाजूला सरकून मला बाकावर जागा दिली.

"चांगलं दिसते पोरीले," सिस्टर म्हणाल्या. दोरा बांधलेला चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. मग उठायला लागल्या.

"पंधरा मिनिटं राह्यली बाई," चिमी काट्यावरची नजर न काढता म्हणाली.

बाहेर बस हॉर्न देत होती. सिस्टर पुन्हा खाली बसल्या.